वालाच्या दाण्यातले कुलूप

हिवरे बाजारला आलेल्या पाहुण्याला गाव दाखवण्याची एक वाट ठरून गेली आहे. डोंगरउतारावरचे सलग समतल चर, माती अडवणारे बांध, दरवर्षी ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. १९७२च्या दुष्काळानंतर या गावातली माणसे कामासाठी बाहेर पडत होती. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या काही वर्षांत चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, शेतीसाठी बोअरवेलला मनाई, ऊस-केळीला नकार अशा नियमांनी गावाचे रूप पालटले. हे सारे वाचकांच्या परिचयाचे आहे. मला मात्र पाण्याइतकेच तिथल्या दुधाचे कुतूहल. डोंगरावर गवत वाढले, गोठ्यात जनावरे वाढली आणि दिवसाला दीडेकशे लिटर दूध गोळा होणारे गाव काही हजार लिटरपर्यंत पोहोचले.

कोणत्याही दूध संकलन केंद्रावर पहाटे उभे राहिलात तर दिसेल, की शेतकरी लिटरपेक्षा दोन आकड्यांकडे जास्त लक्ष देतो. एक फॅट आणि दुसरा एसएनएफ. फॅट म्हणजे स्निग्धांश, हे सगळ्यांना कळते. एसएनएफ म्हणजे पाणी आणि स्निग्धांश वगळून दुधात जे घन उरते ते : प्रथिने, दुग्धशर्करा, क्षार. दर या दोन आकड्यांवर ठरतो. आता गंमत अशी, की दुधात पाणी घालून ते पातळ केले आणि मग त्यात युरिया मिसळला, तर खाली गेलेला एसएनएफचा आकडा पुन्हा वर येतो. (हे हिवरे बाजारच्या दुधाबद्दल नाही, एकूण दूधधंद्याबद्दल लिहितो आहे.) आणि यंत्र सोडून प्रयोगशाळेतल्या जुन्या पद्धतीने प्रथिने मोजली, तरी हा युरिया तिथेही फसवू शकतो.

कारण ती जुनी पद्धत प्रथिने मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते. योहान येलडाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३मध्ये ती शोधली. अन्नाचा नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढायचा, तो मोजायचा आणि आलेल्या आकड्याला ६.२५ने गुणायचे. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून हा गुणक. दुधासाठी तो ६.३८ धरतात. हिशेब सोपा आहे, पण त्यात एक भोक आहे. नायट्रोजन काही प्रथिनांचीच मिरास नव्हे. युरियात तो भरपूर असतो. मेलामाइन नावाच्या, प्लास्टिकच्या भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनात तर वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजनच असतो. २००८मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत हे मेलामाइन मिसळले गेले. कागदावर प्रथिनांचा आकडा उत्तम आला आणि सुमारे ३ लाख मुले आजारी पडली. काही दगावली.

प्रथिनांचा नसलेला हा नायट्रोजन डाळींमध्ये किती असतो, हा प्रश्न १९३०च्या दशकात बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत एक मराठी मुलगी सोडवत होती. भेसळ हा तेव्हा तिचा विषय नव्हता. गरिबाच्या ताटातल्या डाळीचा खरा कस किती, हे तिला काढायचे होते. तिचे नाव कमला भागवत. पुढे त्या डॉ. कमला सोहोनी झाल्या. मराठी वाचक दुर्गाबाई भागवतांना ओळखतो. कमलाबाई त्यांच्या धाकट्या बहीण. एका घरात लोकसंस्कृती आणि जीवरसायन असे दोन विषय शेजारी शेजारी वाढले. दुर्गाबाईंनी पुढे स्वयंपाकावर पुस्तक लिहिले, तेव्हा काहींना नवल वाटले होते. मला ते वाटत नाही. दोघी बहिणींची वाट कुठे ना कुठे स्वयंपाकघरातून जात होती.

कमलाबाईंचा जन्म १९११चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बेंगळुरूच्या टाटांच्या संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. अशा घरातली मुलगी रसायनशास्त्राकडे वळली यात विशेष काही नव्हते. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला त्या पहिल्या आल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला बेंगळुरूचा दरवाजा आपोआप उघडेल असे त्यांना वाटले असेल, तर ते स्वाभाविक होते.

दरवाजा उघडला नाही. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३०मध्ये, त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले होते आणि देशात त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच : अर्ज मुलीचा होता. वडिलांनी आणि काकांनी रदबदली केली, तीही व्यर्थ गेली. तेव्हा ही विशीतली मुलगी स्वतः बेंगळुरूला जाऊन रामन यांच्यासमोर उभी राहिली. तो गांधीजींचा काळ होता. प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, सत्याग्रह करीन, असे तिने सांगितले. रामन अखेर नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही, तिच्या कामाने समाधान झाले तरच प्रवेश पक्का होईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्री काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये.

तिसऱ्या अटीचा अर्थ नीट पाहावा. लक्ष दुसऱ्याचे विचलित होणार आणि जबाबदार ती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण हा अपमान त्या विसरल्या नाहीत. वार्धक्यातही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला, रामन यांची वैज्ञानिक म्हणून थोरवी मान्य करूनच. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागले, असे या गोष्टीचे गोड टोक नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पुढे रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या ॲना मणी यांना पुरेसे संशोधन हातात असूनही डॉक्टरेट मिळाली नाही. दार उघडले होते, पण उंबरठा तसाच उंच राहिला होता.

बेंगळुरूत कमलाबाईंना एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे. दूध आणि डाळी-कडधान्ये यांतली प्रथिने हा विषय त्यांनी दिला. त्या काळी जीवरसायन हे शास्त्र आपल्याकडे नुकते रांगू लागले होते. बरेच संशोधक पाश्चात्त्य प्रयोगशाळांत चाललेले विषय उचलत. इथे मात्र मूग, उडीद, तूर यांसारख्या, रोजच्या ताटातल्या गोष्टींवर काम सुरू झाले. ज्या देशात बहुसंख्य माणसे मांस क्वचित खातात आणि घरचे दूध विकून मीठ-मिरची आणतात, तिथे प्रथिनांचा प्रश्न म्हणजे डाळीचा प्रश्न, हे त्यांनी अचूक ओळखले. आजही अनेक गावांत सकाळचे दूध डेअरीला जाते आणि घरात पिठले शिजते. भाकरीबरोबर ते पिठले असते म्हणून निभावते : ज्वारी-बाजरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर, आणि डाळीत जे मेथिओनिन कमी पडते ते धान्यातून मिळते. १९३६मध्ये कमलाबाई विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या आणि शिष्यवृत्ती मिळवून १९३७मध्ये केंब्रिजला पोहोचल्या.

तिथे त्यांना जी प्रयोगशाळा मिळाली ती सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची. या माणसाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण त्यांची गोष्टही दुधाचीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा समज होता की प्रथिने, पिष्ट, चरबी, क्षार आणि पाणी एवढे दिले की शरीराचे भागते. हॉपकिन्स यांनी लहान उंदरांना हे सगळे अगदी शुद्ध करून खायला घातले. उंदरांची वाढ खुंटली. दुसऱ्या गटाला तेच अन्न, पण रोज दोन-तीन मिलिलिटर दूध जादा दिले. ते उंदीर भराभर वाढले. मग अठराव्या दिवशी त्यांनी गटांची अदलाबदल केली आणि वाढीच्या रेषाही उलटल्या. इतक्या थोड्या दुधात उष्मांक असे कितीसे असणार? म्हणजे दुधात आणखी काही तरी होते, अत्यल्प प्रमाणात आणि अत्यावश्यक. १९१२मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध झाले. ते काही तरी म्हणजे जीवनसत्त्वे. १९२९मध्ये हॉपकिन्स यांना ख्रिश्चन आइकमन यांच्याबरोबर नोबेल मिळाले. आणखी एक गोष्ट : त्यांच्या केंब्रिजच्या विभागात स्त्री संशोधकांची संख्या त्या काळच्या मानाने खूप मोठी होती. बेंगळुरूहून आलेल्या मुलीला हा बदल किती मोकळा वाटला असेल!

कमलाबाई न्यूनॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी. सुरुवातीला त्यांनी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर काम केले, नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर. हिल हे वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावरचे मोठे नाव. त्यांच्या हाताखाली कमलाबाई बटाट्याच्या श्वासाकडे वळल्या.

बटाटा श्वास घेतो, हे वाक्य विचित्र वाटत असेल तर नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही कांदाचाळीत जाऊन या. साठवलेला कांदा जिवंत असतो. तो ऑक्सिजन घेतो, आपल्यातली साखर जाळतो, ऊब आणि पाण्याची वाफ बाहेर टाकतो. म्हणून चाळ हवेशीर ठेवावी लागते आणि म्हणूनच, ओलावा उडण्याबरोबर, ठेवलेल्या कांद्याचे वजन घटते. बटाट्याचेही तेच. प्रश्न असा होता, की हे जळण वनस्पतीच्या पेशीत नेमके कसे चालते?

प्राण्यांबाबत उत्तर बरेचसे हाती आले होते. १९२५मध्ये केंब्रिजमध्येच डेव्हिड काइलिन यांनी सायटोक्रोम नावाची लोहयुक्त रंगद्रव्ये पेशींत दाखवून दिली होती. ऑटो वारबर्ग यांना श्वसनाच्या एंझाइमवरील कामासाठी १९३१मध्ये नोबेल मिळाले होते. साध्या भाषेत सांगायचे तर आपण खाल्लेल्या अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीत एका साखळीने पुढे पुढे सरकतात. विहिरीवर आग विझवायला माणसे रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसे. रांगेच्या शेवटाजवळ उभा असतो सायटोक्रोम सी. तो आपली बादली सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमला देतो आणि ते ऑक्सिजनला. तिथे पाणी तयार होते आणि या सगळ्या उतारावर सुटलेली ऊर्जा शरीर कामाला लावते. सायनाइड प्राण घेते ते नेमके याच शेवटच्या माणसाचे हात बांधून.

पण वनस्पतीत हीच रांग असते का, याबद्दल तेव्हा एकमत नव्हते. बटाटा चिरून ठेवला की तपकिरी पडतो, ते वेगळ्या एंझाइममुळे, आणि वनस्पतीचा श्वास त्या एंझाइमांवरच चालतो असेही काहींना वाटे. कमलाबाईंनी बटाट्याच्या उतींत सायटोक्रोम सी दाखवला आणि हिल यांच्याबरोबर फुलझाडांच्या वर्गात सायटोक्रोम ऑक्सिडेज असल्याचे मांडले. म्हणजे बटाटा आणि तो सोलणारी बाई, दोघांच्या पेशींत श्वासाची यंत्रणा मुळात एकच. पुढच्या काळात या रेणूची अमिनो आम्लांची माळ उलगडली गेली. माणसाच्या सायटोक्रोम सीमध्ये १०४ अमिनो आम्ले आहेत आणि माणूस व चिंपांझी यांच्या माळेत एकाचाही फरक नाही. कोणता जीव कोणाचा किती जवळचा नातलग, हे मोजण्यासाठी हा रेणू नंतर फुटपट्टीसारखा वापरला गेला.

हे काम त्यांनी १४ महिन्यांत पूर्ण केले. प्रबंध अवघ्या ४० पानांचा. आज आपल्या विद्यापीठांत वजनकाट्यावर ठेवावेत असे प्रबंध येतात, तेव्हा हा आकडा मुद्दाम सांगावासा वाटतो. १९३९मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, अशी त्यांची ओळख सगळीकडे दिली जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९३१मध्येच विज्ञानातली डॉक्टर ही पदवी दिली होती, तेव्हा पहिल्या कोण यावर वाद घालता येईल. मला त्या वादात रस नाही. दोघींनाही आपापले दार स्वतः ढकलावे लागले होते.

युद्धाच्या तोंडावर कमलाबाई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि तिथे जीवनसत्त्वांवर काम केले. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९४७मध्ये विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि कमलाबाई मुंबईत आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत फलदायी काम माझ्या मते इथले आहे. ते केंब्रिजच्या कामाइतके सांगितले जात नाही, पण आपल्या रोजच्या जेवणाशी त्याचा थेट संबंध आहे.

आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचे एंझाइम असते. स्वादुपिंडातून येणारे हे एंझाइम प्रथिनांच्या लांब साखळ्या कापते. त्या कापल्या गेल्या तरच त्यांतली अमिनो आम्ले रक्तात शोषली जातात. आता वालाच्या दाण्याच्या बाजूने विचार करू. दाण्यात प्रथिने साठवलेली असतात ती त्याच्या कोंबासाठी, आपल्यासाठी नव्हे. किडीने किंवा जनावराने ती खाऊन पचवू नयेत म्हणून दाणा एक छोटे प्रथिन तयार करतो. ते ट्रिप्सिनच्या कापणाऱ्या जागीच जाऊन घट्ट बसते. कात्रीला कुलूप लावावे तसे. कच्चे कडधान्य पोटात गेले तर प्रथिने असूनही ती पुरती पचत नाहीत, आणि ट्रिप्सिन कमी पडते म्हणून स्वादुपिंड आणखी स्राव ओतत राहते.

हे कुलूप स्फटिकरूपात वेगळे काढणे ही त्या काळच्या रसायनशास्त्रातली अवघड कला होती. एंझाइम हे मुळात प्रथिन असते, हेसुद्धा स्फटिकांमुळेच सिद्ध झाले. जेम्स समनर यांनी १९२६मध्ये घेवड्याच्या कुळातल्या जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून युरियेज हे एंझाइम स्फटिकरूपात काढले. जॉन नॉर्थ्रप आणि त्यांचे सहकारी मोझेस कुनिट्झ यांनी ट्रिप्सिनचे स्फटिक मिळवले. १९४६चे रसायनशास्त्राचे नोबेल समनर, नॉर्थ्रप आणि वेंडेल स्टॅनली यांना याच प्रकारच्या कामासाठी मिळाले. त्याच सुमारास कुनिट्झ यांनी सोयाबीनमधल्या ट्रिप्सिनरोधकाचे स्फटिक मिळवले. अमेरिकेत सोयाबीन पशुखाद्यात महत्त्वाचे होते, म्हणून तिकडे सोयाबीन. कमलाबाईंनी आपल्याकडचे दाणे घेतले. १९५५मध्ये त्यांनी आणि त्यांच्या एका विद्यार्थ्याने पावटा-वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतले ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळे काढल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नोबेलविजेत्यांच्या प्रयोगशाळेत जे तंत्र वापरले जात होते, तेच मुंबईच्या काळा घोड्याजवळ वालाच्या दाण्यांवर चालले होते.

भारतीय भाज्या आणि इतर खाद्यपदार्थांतही असे रोधक कुठे आणि किती आहेत, याची तपासणी त्यांच्या विभागात वर्षानुवर्षे झाली. पावट्यात आणखी एक प्रथिन सापडते, ते रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते. त्याच्यावरही त्यांनी काम केले. या जातीची प्रथिने राजम्यात सर्वाधिक असतात. अर्धवट शिजलेला राजमा खाऊन उलट्या-जुलाब होतात ते यामुळेच, आणि त्यासाठी चार-पाच दाणेही पुरतात.

बरी गोष्ट ही, की ही दोन्ही कुलपे बहुतांशी उष्णतेने मोडतात. कोरड्या भाजणीपेक्षा पाण्यात शिजवणे अधिक परिणामकारक. आपल्याकडे कडवे वाल रात्रभर भिजवायचे, पाणी फेकायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे आणि मग शिजवायचे, ही डाळिंबीच्या उसळीची लांबलचक पद्धत चवीसाठी असेल असे आपण समजतो. रसायनशास्त्र सांगते की यातली प्रत्येक पायरी काही ना काही काढून टाकते. आजीला ट्रिप्सिन ठाऊक नव्हते, पण कच्चे राहिलेले वाल पोटात काय करतात हे नक्की ठाऊक होते. आज आरोग्याच्या नावाखाली सगळीच कडधान्ये मोड आणून कच्ची खाण्याची टूम निघाली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : मोड आलेले मूग हलके वाफवून खाल्ले तर चालतील. वाल, पावटा, राजमा आणि डबल बी कच्चे किंवा अर्धेकच्चे खाऊ नयेत. मोड आणल्याने रोधक काही प्रमाणात कमी होतात, संपत नाहीत. कुकर वापरत असाल तर चिंता नाही. मंद आचेवर रात्रभर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात राजमा करायचा असेल तर आधी १० मिनिटे तरी खळखळून उकळून घ्यावा.

कमलाबाईंच्या दुसऱ्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ते काम नीरेवरचे. शिंदी, ताड किंवा माडाच्या झाडाला छेद देऊन रात्रभर मडक्यात झिरपलेला रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावला नाही आणि रस उन्हात राहिला तर यीस्टमुळे तो आंबतो आणि त्याची ताडी होते. दारूबंदीच्या त्या दिवसांत ताडी काढणाऱ्यांपुढे रोजीचा प्रश्न होता आणि आदिवासी भागात कुपोषणाचा. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे आणि ती नीरेपासून केलेल्या गुळातही टिकत असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रियांना नीरा दिल्याने त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. ज्या झाडाकडे सरकार फक्त अबकारी खात्याच्या नजरेने पाहत होते, त्याच्याकडे त्यांनी पोषणाच्या नजरेने पाहिले. एक सावधगिरी मात्र आजच्या वाचकासाठी : नीरेत साखर दहा-बारा टक्के असते. मधुमेह असलेल्यांनी ती पौष्टिक आहे या भरवशावर पेलेच्या पेले पिऊ नये.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्या सल्ला देत असत. दूध, डाळ, नीरा. त्यांच्या विषयांची यादी पाहिली तर परदेशी परिषदेत मिरवावे असे तिच्यात फारसे काही दिसत नाही.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असताना अंतर्गत राजकारणामुळे ते पद त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. बेंगळुरूत निदान नकाराचे कारण तोंडावर सांगितले गेले होते. मुंबईत ते कोणी सांगितले नाही. संशोधनाच्या ऐन बहराच्या काळात माणसाला खुर्चीसाठी ताटकळत ठेवले की किती काम होता होता राहून जाते, याचा ताळेबंद कोणी मांडत नाही.

निवृत्तीनंतर त्या घरात बसल्या नाहीत. १९६६मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना उभारली होती. कमलाबाई या संस्थेच्या कामात पहिल्यापासून होत्या आणि १९८२-८३मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. भेसळ हा आता त्यांच्या लिखाणाचा विषय झाला. हळदीत काय मिसळतात, दुधात काय, तेलात काय, आणि ते घरच्या घरी कसे ओळखावे. प्रथिनांचा नसलेला नायट्रोजन ज्या मुलीने विशीत डाळीत शोधला होता, तिला दुधातल्या युरियाचे गणित कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तरीही त्यांचे नाव बराच काळ मागे राहिले. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ते नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना कमलाबाईंच्या कामाची आणि त्या हयात असल्याची माहिती मिळाली, तेव्हा त्यांनी परिषदेतर्फे दिल्लीत त्यांचा सत्कार करायचे ठरवले. १९९८ साल होते, कमलाबाईंचे वय ऐंशीच्या पुढचे. त्या दिल्लीला गेल्या. सत्काराच्या त्याच कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ जून रोजी, त्यांचे निधन झाले.